नशिबाचा खेळ की हाताचा? पिनबॉलला फ्लिपर देणाऱ्या डेव्हिड गॉटलीबची गोष्ट

मुंबई-गोवा महामार्गावर कसालला मालवणकडे वळलं की जत्रांचा मुलूख सुरू होतो. आंगणेवाडीची मोठी जत्रा असो की एखाद्या वाडीतल्या देवळाची लहानशी, मालवणी खाज्याच्या दुकानांच्या ओळीत खेळण्यांची दुकानं असतातच. तिथे प्लास्टिकची एक चपटी पाटी मिळते. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडायचा, छर्रा वर उडतो, टोकांना आपटत खाली येतो आणि कुठल्या तरी खणात जाऊन बसतो. खणावर आकडा लिहिलेला असतो, तेवढे मार्क. जुन्या घरांत याचाच लाकडी, खिळे ठोकलेला भाऊ असायचा, त्याला बॅगाटेल म्हणत.

आता प्रश्न असा की छर्रा १०० च्या खणात गेला तर ती खेळणाऱ्याची करामत की नुसतं नशीब? घरात खेळताना याला काही अर्थ नाही. पण पाटीशेजारी पैसे ठेवले की पोलिसांना अर्थ कळतो. आपल्याकडचा १८८७ सालचा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे आणि त्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. म्हणजे कौशल्य असेल तर खेळ, नसेल तर जुगार.

नेमक्या याच रेषेवर एका माणसाचा अख्खा धंदा ३० वर्षं लटकत होता. त्याचं नाव डेव्हिड गॉटलीब. अमेरिकेत पिनबॉल हा शब्द घराघरात पोचवणारा हा गृहस्थ. त्याच्याच कारखान्यातून पिनबॉलला दोन्ही बाजूंनी हलणारे हात मिळाले. या हातांना म्हणतात फ्लिपर.

गॉटलीबचा जन्म १९०० सालचा, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला. जत्रेतले खेळ आणि सिनेमाचा व्यवसाय या दोन्हींशी त्याचा तरुणपणी संबंध आला. लोक खिशातलं शेवटचं नाणं कशावर खर्च करतात, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. १९२७ मध्ये त्यानं शिकागोत स्वतःची कंपनी काढली, डी. गॉटलीब अँड कंपनी. सुरुवातीच्या मालात एक यंत्र होतं मुठीची ताकद मोजणारं. नाणं टाका, मूठ आवळा, काटा किती चढतो बघा. पुढे ज्या वादात तो आयुष्यभर अडकला, त्या वादात हे यंत्र कधीच सापडलं नसतं, कारण मुठीत नशिबाचा काही संबंध नाही.

१९३१ मध्ये त्यानं बॅफल बॉल नावाचा खेळ बाजारात आणला. दुकानाच्या गल्ल्यावर मावेल एवढी पेटी, वर काच, आत खिळे आणि खड्डे. एक पेनी टाकली की मोजक्या गोळ्या खेळायला मिळायच्या. किंमत १७.५० डॉलर. वीज नाही, दिवे नाहीत, घंटी नाही. एकदा दांडा सोडला की खेळणाऱ्याचं काम संपलं, फार तर पेटीला हळूच धक्का द्यायचा.

काळ कसा होता ते बघा. १९२९ साली शेअर बाजार कोसळला होता आणि लाखो लोक बेकार होते. सिनेमाचं तिकीट परवडत नव्हतं, पण एक पेनी परवडत होती. दुकानदारालाही ही पेटी काही दिवसांत आपली किंमत वसूल करून द्यायची. ५० हजारांहून जास्त बॅफल बॉल विकल्या गेल्या. मागणी इतकी की कारखाना पुरा पडेना. गॉटलीबचा माल विकणारा रेमंड मोलोनी नावाचा एक व्यापारी वाट बघून इतका कंटाळला, की त्यानं स्वतःच बॅलीहू नावाचा खेळ काढला. तोही धो धो चालला आणि त्या खेळाच्या नावावरून मोलोनीच्या कंपनीचं नाव पडलं बॅली. वेळेत माल न दिल्यामुळे गॉटलीबनं आपला सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी स्वतःच जन्माला घातला होता.

पुढच्या काही वर्षांत पेटीला पाय फुटले आणि वीजही आली. १९३३ मध्ये हॅरी विल्यम्स या तंत्रज्ञानं काँटॅक्ट नावाच्या खेळात बॅटरीवर चालणारी कॉइल बसवली, ती खड्ड्यात पडलेली गोळी परत बाहेर फेकायची. पेटी हलवून फसवणाऱ्यांना आवरायला टिल्टची युक्तीही त्यानंच आणली. पण वीज आली तशी दुसरी गोष्टही आली. ठरावीक खणात गोळी गेली की यंत्र आपणहून नाणी बाहेर टाकू लागलं. शिकागोच्या जवळपास सगळ्या कारखान्यांनी अशी पैसे देणारी यंत्रं बनवली. गॉटलीबनंही बनवली. त्याला त्या काळातला साधुपुरुष ठरवायचं कारण नाही.

याची किंमत सगळ्यांना मोजावी लागली. न्यूयॉर्कचा महापौर फिओरेलो लाग्वार्डिया पिनबॉलचा कट्टर वैरी होता. शाळकरी पोरांच्या डब्याचे पैसे या पेट्यांत जातात आणि तिथून ते गुंडांच्या टोळ्यांकडे जातात, असं त्याचं म्हणणं होतं. यात अतिशयोक्ती होती, पण ते सगळं खोटंही नव्हतं. जानेवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बंदी आली. पोलिसांनी हजारो यंत्रं उचलली, महापौरानं स्वतः घण हातात घेऊन यंत्रं फोडली आणि त्याचे फोटो छापून आले. अमेरिका नुकतीच महायुद्धात उतरली होती, त्यामुळे यंत्रांतलं धातूचं भंगार युद्धाच्या कामाला लावण्याची भाषाही सुरू झाली. लॉस एंजेलिसमध्ये बंदी त्याआधीच होती. जिथे बहुतेक यंत्रं बनायची त्या शिकागोतही पुढे अनेक वर्षं ती खेळायला मनाई होती. युद्धाच्या काळात तर करमणुकीची यंत्रं बनवणंच थांबलं.

बंदीच्या बाजूचा युक्तिवाद सोपा होता आणि खरं सांगायचं तर बरोबरही होता. दांडा सोडल्यावर खेळणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. मग कौशल्य कुठलं?

याचं उत्तर युद्धानंतर गॉटलीबच्या कारखान्यातून आलं, तेही न्यायालयासाठी नव्हे, तर खेळ रंगावा म्हणून. हॅरी मॅब्ज हा त्याच्याकडचा डिझायनर. १९४७ च्या शेवटी त्यानं हम्प्टी डम्प्टी नावाचा खेळ तयार केला. पेटीच्या दोन्ही कडांना त्यानं तीन-तीन लहान दांड्या बसवल्या. बाजूचं बटण दाबलं की दांडी झटक्यात फिरायची आणि खाली येणारी गोळी परत वर जायची. आता गोळी सुटल्यावरही खेळणाऱ्याला बरंच काही करता येत होतं. अशा सुमारे ६,५०० पेट्या बनल्या. गॉटलीबनं लगेच परीकथांच्या नावांची मालिकाच काढली, त्यात सिंड्रेलाही होती. बाकीच्या कारखान्यांकडे न विकलेली फ्लिपर नसलेली यंत्रं पडून होती आणि ती एका रात्रीत जुनी झाली.

पण हे पहिले फ्लिपर फारच अशक्त होते. एका फटक्यात गोळी वरपर्यंत जायची नाही. खालच्या जोडीनं मधल्या जोडीकडे ढकलायची, मधलीनं वरच्या जोडीकडे, असा जिना चढत जावं लागे. म्हणूनच सहा. त्या दांड्या पेटीच्या कडांना होत्या आणि त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला होती, आजच्या उलट. जानेवारी १९४८ मध्ये जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कॉर्डेकनं ट्रिपल ॲक्शन हा खेळ दाखवला. काटकसर म्हणून त्यानं फक्त दोनच फ्लिपर ठेवले, पण ते अगदी तळाशी बसवले आणि त्यांना डीसी वीज देऊन जोरदार केलं. दोन फ्लिपरनी सहांचं काम केलं. आज कुठलंही पिनबॉल यंत्र बघितलं तर तळाशी हीच जोडी दिसते. गॉटलीबच्या कारखान्यानंही पुढे हळूहळू हीच मांडणी स्वीकारली.

म्हणजे पिनबॉल कौशल्याचा आहे की नाही हे शेवटी कशावर ठरतं? तर फ्लिपरच्या जोरावर. फ्लिपर मरतुकडा असेल तर खेळणारा कितीही पटाईत असो, गोळी वरच्या लक्ष्यापर्यंत पोचत नाही आणि खेळ पुन्हा जत्रेतल्या पाटीसारखा होतो. त्यामुळे हा जोर येतो कुठून, ते थोडं उघडून बघायला हवं.

फ्लिपरच्या खाली, फळीच्या पोटात तांब्याच्या तारेची कॉइल असते. आत नळी, नळीत लोखंडी दांडा. वीज गेली की कॉइलचं चुंबक होतं, दांडा आत खेचला जातो आणि त्याला जोडलेला फ्लिपर फिरतो. दरवाजाच्या जुन्या बेलमध्ये हेच असतं. पण बेल क्षणभर वाजते, फ्लिपर मात्र खेळणारा कितीही वेळ वर धरून ठेवू शकतो. फटक्याला लागणारी वीज तशीच चालू ठेवली तर कॉइल जळून जाईल. म्हणून कॉइलवर दोन गुंडाळण्या असतात. एक जाड तारेची, कमी वेढ्यांची, ती फटका मारते. दुसरी बारीक तारेची, भरपूर वेढ्यांची, ती नुसती धरून ठेवते. फ्लिपर पूर्ण वर गेला की तो शेवटी एका पत्तीच्या स्विचला ढकलतो, स्विच उघडतो आणि वीज बारीक तारेतूनही जायला लागते. प्रवाह एकदम कमी होतो. या छोट्याशा स्विचवर सगळं अवलंबून असतं.

इथे नवशिक्यांची एक गंमत होते. जोर वाढवायचा म्हणजे वेढे वाढवायचे, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कमी वेढ्यांची, जाड तारेची कॉइल जास्त जोरात मारते, कारण तिचा अडथळा कमी आणि तिच्यातून जाणारा प्रवाह जास्त. पण जुन्या यंत्रांची निगा राखणारे जाणकार कॉइल बदलायला शेवटी जातात. यंत्र कारखान्यातून निघालं तेव्हा त्याच कॉइलवर नीट चालत होतं, तर मधल्या काळात जोर गेला कुठे, हे ते आधी शोधतात.

बहुतेक वेळा तो स्विचच्या पॉइंटवर गेलेला असतो. पत्त्यांवरचे पॉइंट ठिणग्यांनी काळे पडतात, त्यांच्यामध्ये वीज अडते. जुन्या स्कूटरचे पॉइंट घासलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बारीक कानशीनं पॉइंट साफ केले की निम्मी ताकद परत येते, पेटीच्या बाजूच्या बटणाचे पॉइंटही त्यात आले. मग शेवटच्या स्विचची वेळ बघायची. तो फटका अर्धा झाल्यावरच उघडत असेल तर जाड तारेचं काम अर्धवट राहतं आणि फ्लिपर मऊ मारतो. पत्ती जरा वाकवून तो अगदी शेवटी, साधारण ३ मिलिमीटर उघडेल असा करायचा. उलट तो कधीच उघडत नसेल तर जोर भरपूर मिळतो आणि थोड्याच वेळात जळका वास येतो. हे सगळं यंत्राचा प्लग काढून करायचं, हे सांगायला नको.

त्यानंतर नळी. वर्षानुवर्षं आपटून दांड्याचं टोक छत्रीसारखं पसरतं आणि नळीत घासतं. टोक कानशीनं सरळ करायचं, नळी नवी घालायची. तेल मात्र घालायचं नाही, कारण तेलावर धूळ बसून त्याचा चिकटा होतो. फ्लिपर फळीला घासत नाही ना, वर-खाली किंचित मोकळा आहे ना, हे बोटानं बघायचं. परत आणणारी स्प्रिंग फार ताठ असेल तर कॉइलची शक्ती तिच्याशी भांडण्यातच जाते. एवढं सगळं करूनही कमी पडलं तर काही यंत्रांत ट्रान्सफॉर्मरवर जास्त व्होल्टेजचं एक टोक दिलेलं असतं, तार तिकडे हलवायची. ज्या गावात वीज कमी दाबानं यायची तिथल्यासाठी ही सोय होती. पावसाळ्यात संध्याकाळी ट्यूबलाइट पेटायला का-कू करते, हे अनुभवलेल्या कोकणातल्या माणसाला ती लगेच पटेल. गॉटलीबच्या त्या काळातल्या यंत्रांत फ्लिपरची कॉइल सुमारे २५ व्होल्टच्या एसीवर चालायची. एवढ्या कमी दाबात एक-दोन व्होल्ट इकडे तिकडे झाले तरी हाताला कळतं.

आणि जोर जास्त झाला तर? गोळी उडून काचेला लागते, प्लास्टिकचे भाग फुटतात, खेळ सोपा आणि बेचव होतो.

गॉटलीबकडे परत येऊ. १९५० च्या दशकात धंद्याला दोन फाटे फुटले. एकीकडे फ्लिपरवाली यंत्रं, दुसरीकडे बिंगो. बिंगो यंत्रांत फ्लिपर नसायचे. खेळणारा नाण्यामागून नाणी टाकून जिंकण्याची शक्यता वाढवायचा आणि मोफत डाव मिळाले की दुकानदार काउंटरखालून त्यांचे पैसे द्यायचा. यात कमाई मोठी होती आणि बॅलीनं ती भरपूर केली. गॉटलीबनं तिकडे जायचं टाळलं. आपली यंत्रं करमणुकीची आहेत, ती बेसबॉलइतकीच अमेरिकन आहेत, अशीच जाहिरात त्याची कंपनी करत राहिली. यामागे तत्त्व किती आणि व्यवहार किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. बिंगोमुळे उद्या सगळ्याच पिनबॉलवर गदा येईल, हे त्याला दिसत होतं.

आणि तसंच झालं. जून १९५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कोर्पन खटल्यात निकाल दिला, की असं बिंगो यंत्र करापुरतं जुगाराचंच यंत्र आहे, म्हणजे करमणुकीच्या यंत्राला वर्षाला १० डॉलर कर, तर याला २५० डॉलर. गंमत म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात बक्षिसाच्या स्पर्धांबद्दल हीच रेष आखली होती. कौशल्य असेल तर व्यवसाय, नशिबावर असेल तर जुगार आणि जुगाराला व्यवसायाचं घटनात्मक संरक्षण नाही. रमीपासून ऑनलाइन खेळांपर्यंतच्या वादांत त्या निकालाचा दाखला अजून दिला जातो.

फ्लिपरवाल्या यंत्रांपुढे मात्र एक अडचण उरलीच होती. चांगला खेळ झाला की यंत्र मोफत डाव द्यायचं आणि काही राज्यांचे कायदे या मोफत डावालाही किमतीची वस्तू, म्हणजे बक्षीस मानायचे. यावर गॉटलीबच्या कंपनीनं १९६० मध्ये तोड काढली. मोफत डाव देऊच नका, चालू डावातच एक जादा गोळी द्या. डाव लांबतो, पण खेळणाऱ्याच्या खात्यात काही जमा होत नाही, त्यामुळे काउंटरवर त्याचे पैसे मागता येत नाहीत. या कल्पनेवरच्या पहिल्या यंत्राचं नावच होतं फ्लिपर. डिझाइन वेन नेयन्सचं. तोवर डेव्हिडचा मुलगा ॲल्विनही धंद्यात मुरला होता. मोफत डावांवर बंदी असलेल्या भागांत अशी यंत्रं पुढे कित्येक वर्षं गेली.

पैसा आला तसा गॉटलीबनं तो बाहेरही लावला. शिकागोजवळच्या मेलरोज पार्कमध्ये १९६१ मध्ये गॉटलीब मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. ज्या नाण्यांबद्दल लाग्वार्डिया ओरडत होता, त्यातलीच काही तिथे लागली असं म्हणायला हरकत नाही.

डेव्हिड गॉटलीब १९७४ मध्ये वारला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं लॉस एंजेलिसची बंदी रद्द केली. न्यूयॉर्कची मात्र अजून चालूच होती. ती उठावी म्हणून १९७६ मध्ये नगर परिषदेच्या समितीपुढे प्रत्यक्ष खेळून दाखवायचं ठरलं. खेळणारा होता रॉजर शार्प, पिनबॉलवर लिहिणारा तरुण पत्रकार. सभागृहात दोन यंत्रं आणली होती, एक खेळायला आणि एक ऐनवेळी बिघाड झाला तर राखीव. दोन्ही गॉटलीबची. शार्पनं ज्या यंत्रावर सराव केला होता, त्यात काही तरी चलाखी असेल असा संशय एका सदस्याला आला आणि त्यानं राखीव यंत्रावर खेळायला लावलं. ते होतं बँक शॉट.

शार्प फ्लिपरनं सांगून सांगून लक्ष्यं मारत गेला. सदस्यांच्या चेहऱ्यावर फारसा फरक पडेना. मग त्यानं जाहीर केलं, की आता दांडा ओढून सोडलेली गोळी वरच्या मधल्या वाटेनंच जाईल. त्यानं दांडा ओढला, सोडला आणि गोळी मधल्या वाटेनं गेली. समितीनं बंदी उठवण्याच्या बाजूनं कौल दिला.

१९३१ च्या बॅफल बॉलमध्येही खेळणाऱ्याच्या हातात तेवढा एक दांडाच होता.